ओटीवरचा तांब्या

शाळा सुटायच्या सुमाराला एसटीचा कंडक्टर फाटकाशी येऊन उभा राहिला. गावाकडचा निरोप आम्हाला मालवणात असाच मिळायचा. "बाई, तुमची ताई गेली," तो म्हणाला. "गावपळणीतच. नदीपलीकडे, झोपडीत." माझ्या मनात आधी आलं ते वेड्यासारखंच... तांब्या भरून ठेवला होता का तिने?

दर काही वर्षांनी थंडीत देवाचा कौल घेऊन ताईच्या सासरचा सगळा गाव, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट, वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस झावळांच्या झोपड्यांत राहतो. मागच्या गावपळणीला, शेवटच्या दिवशी, मी तिच्याकडे गेले होते. बायका वाळूत पाय पसरून बसल्या होत्या, चुलीवर करांदे शिजत होते, साऱ्याजणींना माहेरी आल्यासारखं झालं होतं. ताई तेवढी नदीकडे तोंड करून बसलेली. पलीकडे गाव चिडीचूप. कुठल्या घरातून धूर नाही, कोंबड्याची बांग नाही.

भावोजी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मुंबईला गेले, ते गेलेच. ना पत्र, ना पत्ता. एरवी वाट बघायचं ताईला काही वाटत नसे. धास्ती असे ती या तीन दिवसांची. "ते नेमके आजच इले तर गो? रिकामी घरा बघून माघारी जातले." म्हणून घर सोडताना ती ओटीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवी. दमून आलेल्या माणसाने पाणी प्यावं, घरात आपलं कोणी आहे हे त्याला कळावं.

त्या संध्याकाळी कौल झाला आणि गाव परतला. ताई जवळजवळ धावतच ओटी चढली. तांब्या अर्धा झाला होता.

"कावळा प्यायला असेल," मी म्हटलं.

"कावळो प्यालो असतो तर तांब्यो आडवो नसतो पडलो? ते येवन गेले गो. मी गावलंय नाय तेंका."

तेव्हापासून ती खंगतच गेली. इतकी वर्षं वाट बघून जी खचली नव्हती, ती त्या अर्ध्या तांब्याने खचली. या खेपेला तिने दिरांचे पाय धरले, "माका घरातच ठेवा." पण देवाच्या शब्दापुढे कोणाचं चालतं? डोलीत घालून तिला पलीकडे नेलं. झोपडीच्या दारातून घराकडे बघत बघतच ती गेली...

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं, गाव परतत होता. मी थेट ओटीवर गेले. तांब्या होता. काठोकाठ भरलेला, कोणी न शिवलेला. तो बघून ताईला किती बरं वाटलं असतं! या खेपेला चुकामूक झाली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले.

तांब्या मी मालवणला घेऊन आले, त्याला आता महिना होत आला. शाळेला निघताना दाराला कुलूप घालते आणि तो भरून पायरीवर ठेवते. मुंबईची बोट इथल्याच बंदराला लागते, आणि तिथून गावाकडे जाणारी वाट माझ्या दारावरून जाते. भावोजी आलेच कधी, तर गावी पोचण्याआधी, ताई गेली हे त्यांना सांगायला वाटेत कोणीतरी हवं.