चार नंबरचा कॉम्प्युटर

एसीच्या गारव्यात मिसळलेला मोज्यांचा वास आला, की मला दौंडच्या कॉलेजातली लॅब आठवते. चपला-बूट दाराबाहेर काढून आम्ही पहिल्या वर्षाची मुलं तिथं बिचकतच शिरायचो. खुटबावहून येणाऱ्या एका वर्गमैत्रिणीला ईमेल आयडी मीच काढून दिला होता, माझ्या शेजारच्या चार नंबरच्या कॉम्प्युटरवर. दुबईला कामाला गेलेल्या भावाची पत्रं त्याच डब्यात येऊन पडतात, असं तिला वाटायचं. म्हणून बाकीचे कॉम्प्युटर रिकामे असले तरी ती चार नंबरसाठी थांबायची. मला खरं ठाऊक होतं, पण ती शेजारी बसावी म्हणून मी गप्प राहिलो. एके दिवशी चार नंबर बंद पडला. "दादाची समदी पत्रं गेली व्हय रं आता?" म्हणत ती रडायलाच लागली. मी घाबरून तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि पासवर्ड टाकायला लावला. सगळी पत्रं समोर उघडली. डोळे पुसत ती म्हणाली, "म्हंजी हे कुठंबी उघडतंय! तुला ठावं व्हतं?" "न्हाई," मी म्हणालो, "आत्ताच कळलं." मग तिनं साऱ्या वर्गाला सांगितलं, हे यानंच शोधून काढलं म्हणून. आता केस पिकले, तरी ते कौतुक मला पचलेलं नाही.