रॅकमध्ये उतरलेला करंट

माझ्या नवऱ्याला जुन्या रेडिओंचा नाद आहे. तशाच नादी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकोल्याहून निरोप आला: एक गृहस्थ वारले, घर भरून रेडिओ, टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आहेत, रविवारी या, पटेल ते घेऊन जा. अमरावतीत मला त्या दिवशी काही काम नव्हतं, म्हणून मीही गाडीत बसले.

घर गावाबाहेरच्या कॉलनीत होतं. दारात त्या गृहस्थांची बायको उभी होती. ती बरीच वर्षं अकोटला भावाकडे राहायची. नवरा गेल्यावर घर रिकामं करायला आली होती. "लोकं येतीन म्हणून आत्ताच फरशी पुसली," ती म्हणाली. आम्ही चपला बाहेर काढल्या.

आत पाय ठेवला. छतापर्यंत टीव्हीच टीव्ही, काळ्या काचा आमच्याकडे करून रचलेले. खाली पलंग आहे, हे एका पायावरून कळत होतं. जळक्या रबराचा वास येत होता. नवरा बैठकीतल्या एका अ‍ॅम्प्लिफायरपाशी उकिडवा बसला, तो तिथलाच झाला. मी आतल्या खोलीत गेले.

तिथे लोखंडी रॅकच्या दोन रांगा होत्या. मधून अंग तिरकं करूनच जाता येत होतं. शेवटी माझ्या माहेरी होता तसा जाळीच्या कापडाचा रेडिओ अंधुक दिसला. मी अर्ध्या वाटेत असताना बाई दारातून म्हणाली, "थांबा ताई, लाइट लावते. हे गेल्यापासून या खोलीतला लावलाच नाही."

बटण चरचरलं. बल्ब पेटला. मी रेडिओकडे हात लांबवला आणि कोपर रॅकला लागलं.

झटका खांद्यापर्यंत गेला. मी ओरडले आणि हात ओढून घेतला, तर पाठ मागच्या रॅकला टेकता टेकता राहिली. पायाखालची फरशी ओली होती.

नवरा धावत दारात आला. "काय झालं?"

"रॅकमध्ये करंट आहे! मले हात नका लावू!" घरी मी इतकं वऱ्हाडी बोलत नाही. भीतीनं तेच तोंडात आलं.

बाई बटणाशी झटत होती. ते आत गेलेलं वर येईना. नवरा पळत व्हरांड्यात गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला. बल्ब विझला. मी श्वास सोडला, पाऊल उचलणार, तेवढ्यात कुठंतरी टक् झालं, काहीतरी घुमायला लागलं आणि बल्ब पुन्हा पेटला.

"इन्व्हर्टर!" नवरा ओरडला. "कुठं आहे तो?"

"मले काय माईत! त्यायनं कधी कशाले हात लावू देला का मले?"

दोघं बैठकीत खोकी उपसायला लागले. मी ओढणी छातीशी गच्च धरून उभी राहिले. दोन्हीकडे चार बोटंच जागा. माझे गुडघे थरथरायला लागले, आणि त्या थरथरण्याचंच मला भय वाटायला लागलं. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी पडले तर नवरा विचार न करता आत धावेल, मला धरेल, आणि दोघंही जाऊ.

"मी पडली तरी आत येऊ नका," मी ओरडले. "ऐकलं का?"

खोकी आपटण्याचा आवाज तेवढा वाढला.

मग बाईचा आवाज खालून, कोंडल्यासारखा आला. ती पलंगाखाली शिरली होती. "ताई, सापडला! दिवा गेला की सांगा!"

"गेला!"

घुमणं थांबलं. बल्बच्या उजेडानंतर काहीच दिसेना. मी मात्र हलले नाही. मघाशीही असाच विझला होता. नवरा दारातून "ये, ये" म्हणत होता, पण पाय उचलेना.

"थांबा," बाई दारात येऊन म्हणाली. "मी आधी रॅकले हात लावून पाहते."

"नका लावू!"

तोवर तिनं लावला होता. "काही नाही, ताई. हात रॅकवरच हाये माहा. या आता."

मी तिच्या आवाजाच्या रोखानं सरकत बाहेर आले. नवऱ्यानं माझं मनगट धरलं ते कितीतरी वेळ सोडलं नाही.

आम्ही पायरीवर बसलो. बाईच्या केसांत जळमटं अडकली होती. ती घटाघट पाणी प्यायली.

"माह्या पोरीले असाच झटका बसला होता, याच खोलीत," ती म्हणाली. "लहान होती. वाचली. त्याच दिवशी तिले घेऊन निंगाली मी. लोकं अजून म्हणतात, बाईनं नवऱ्याले सोडलं."

शेजाऱ्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं आधी इन्व्हर्टरच्या वायरी सोडवल्या. तो आतली सगळी वायरिंग तोडेपर्यंत आम्ही थांबलो. उशिरा आलेल्यांना नवऱ्यानं फाटकातूनच परत पाठवलं. आम्ही काहीच घेतलं नाही. वाटेत मूर्तिजापूरला चहा घेतला. स्टीलचा ग्लास पुढे आला तो मला धरवेना. नवरा हसला नाही. त्यानं कागदी कप मागवला.

काही दिवसांनी बाईचा फोन आला. कबाडीवाल्यानं दिवसाउजेडी सगळं उचलून नेलं होतं, आणि पोरगी मदतीला आली होती.

"तुमचं भेव गेलं का, ताई?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"माहं बी नाही," ती म्हणाली आणि आम्हाला अकोटला जेवायला बोलावलं. दिवाळीनंतर जायचं ठरलं आहे.