अन्सेलच्या पायऱ्या

जॉर्जियातल्या आमच्या गावात कोर्टाला सात दगडी पायऱ्या आहेत. त्या माझ्या खापरपणजोबानं, अन्सेलनं, गुलाम असताना घडवल्या. दोन वर्षं तो छिन्नी चालवत होता. मग मालक मेला आणि त्याचे सगळे गुलाम त्याच पायऱ्यांवर लिलावाला उभे केले.

"वर चढ रे, मागच्यांना दिसू दे," लिलाववाला अन्सेलवर ओरडला. मग गर्दीला म्हणाला, "पायाखाली बघा! ह्यानंच घडवल्यात. एक तरी हलते का?"

काम चोख होतं, म्हणून बोली चढत गेली. त्याची बायको विनी आधीच शेजारच्या शेतमालकानं घेतली होती. त्याला अन्सेलही हवा होता, पण परवडेना. अन्सेलला अलाबामाला नेलं. पोटुशी विनी इथंच राहिली.

परवा गावानं त्या पायऱ्यांपाशी पाटी लावली: 'बांधकामात गुलामांचाही हातभार लागला.' हातभार म्हणे! मग बांधलं कुणी, मेयरच्या पणजोबानं?

पाटीच्या समारंभाला गर्दी जमली होती. फोटोग्राफर गोड आवाजात मला म्हणाला, "आजी, वरच्या पायरीवर या ना. मागच्यांना दिसाल."

मी खालूनच विचारलं, "का रे? बोली लावायचीय?"