बोटीवर बंद पडलेली स्कूटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, भावाला नाही. जिला सांगायला हवं होतं ती तर आतल्या खोलीत झोपली आहे, इथून दहा पावलांवर — तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. मुलुंडला आमच्या सोसायटीत जे मला ओळखतात ते मला फार चांगला माणूस समजतात. बायकोचं सगळं करणारा. लिफ्टमध्ये बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात, आणि मी खाली बघतो. त्यांना वाटतं, लाजतोय.

मरोळला एका कारखान्यात मी चाळीस वर्षं फिटर होतो. सुलभा — माझी बायको — भांडुपच्या एका शाळेत क्लार्क होती. तिचं माहेर मालवणजवळ, अगदी समुद्राला लागून. ती चालायची भरभर. बाजारात जाताना ती नेहमी दहा पावलं पुढे, हातात पिशवी, आणि मी मागून. मी हाक मारली की थांबायची, मी जवळ पोचलो की पुन्हा सुटायची. मला राग यायचा का त्याचा? यायचा, थोडा. पण तेव्हा मी तो हसण्यावारी नेत असे.

मग तिचे पाय गेले. एकदम नाही, हळूहळू. स्नायूंचा आजार, त्याला औषध नाही. आधी काठी, मग भिंत धरून, मग व्हीलचेअर. मी तोवर रिटायर झालो होतो. तिला उठवणं, आंघोळ, केस विंचरणं, खुर्ची गॅलरीत नेणं, ऊन आलं की आत आणणं — सगळं मीच. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. दुखणं नाही — तसं कसं म्हणेन? पण खुर्चीचे दांडे माझ्या हातात असणं. ती कुठेही निघाली तरी माझ्याशिवाय निघू शकत नाही, हे.

आमची मुलगी मुग्धा बोरिवलीला असते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे मुंबईहून लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत येणाऱ्या मोठ्या बोटीची पाच दिवसांची तिकिटं. आणि दुसरी, आईसाठी बॅटरीवर चालणारी एक छोटी स्कूटर. चार चाकं, एक सीट, पुढे टोपली. घडी केली की मोठ्या बॅगेएवढी होते. हँडलपाशी अंगठ्याने दाबायचा एक खटका — दाबला की चालते, सोडला की थांबते. सोसायटीच्या आवारात सुलभाने तिच्यावर दोन चकरा मारल्या. गेटबाहेर फुटपाथ खणून ठेवलेला, त्यामुळे तिथेच थांबावं लागलं.

मुग्धाने एवढी घाई का केली होती, ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला आणि मुग्धाला आत बोलावून सांगितलं होतं की आता हातही जातील. एखाद-दोन वर्षं धरून चाला, म्हणाले. सुलभा तेव्हा बाहेर बसली होती. तिला आम्ही एवढंच सांगितलं की आहे ते टिकवायचं आहे.

म्हणजे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

बोटीचं काय सांगू? ते सगळं आता मला झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, पायाखाली जाड गालिचा आणि कुठून तरी येणारी बारीक घरघर — इतकी बारीक की थोड्या वेळाने ती आपल्याच अंगातून येतेय असं वाटावं. खड्डा नाही, पायरी नाही. दारांच्या उंबऱ्यांनाही उतार लावलेले. बाहेर आलं की नुसतं पाणी. किनारा संपला की वेळेचंही काही कळत नाही. माणसं वाऱ्यावर तरंगल्यासारखी इकडून तिकडे जातात, कुणालाच कुठे पोचायचं नसतं. आणि त्या सगळ्यातून माझी बायको आवाज न करता सरकत होती. ताठ बसलेली, पदर खोचलेला, अंगठा खटक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर शेजारचा बिछाना रिकामा. स्कूटर नाही. पलंगावरून सीटवर ती स्वतःची स्वतः सरकली होती — हातांत तेव्हा ताकद होती ना. मी अनवाणी धावलो. लिफ्ट, पॅसेज, पुन्हा लिफ्ट. शेवटी वरच्या डेकवर मागच्या टोकाला सापडली. कठड्याला स्कूटर टेकवलेली, केस मोकळे. ते केस रोज मी बांधत असे. शेजारी शिरोडकर बाई नावाच्या बोरिवलीच्या एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, एकट्याच प्रवास करणाऱ्या. त्यांना ती काहीतरी सांगत होती आणि हसत होती. सूर्य नुकताच वर आला होता. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघच दिसत नव्हती, आणि त्या उजेडात ती कुणीतरी वेगळीच वाटत होती. किंवा — खरं सांगायचं तर — ती जशी होती तशीच वाटत होती. मी विसरलो होतो तशी.

मला बघून ती म्हणाली, "कितको निळो आसा, बघा तरी." आनंदात असली की ती माहेरच्या बोलीवर येते. कित्येक वर्षांत आली नव्हती. मग माझे अनवाणी पाय पाहून म्हणाली, "अहो, तुम्ही झोपा ना जाऊन. मी आहे इथे."

या वाक्यात वाईट काय आहे? काहीच नाही. मी किती वेळा ते उलटून पालटून पाहिलंय. पण तेव्हा मी खाली केबिनमध्ये येऊन बसलो आणि मला करण्यासारखं काही नव्हतं. कुणाला उठवायचं नव्हतं, कुणाला न्यायचं नव्हतं. पांघरुणाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

थोड्या वेळाने दार ढकलून ती आत आली. टोपलीत रुमालात गुंडाळून ठेवलेली चहाची कपबशी होती. चौथ्या मजल्यावरून, लिफ्टमधून, एवढ्या लांबून तिने माझ्यासाठी चहा आणला होता. तिच्या हातचा नाही, पण तिने आणलेला — सात वर्षांनी. अर्धा बशीत आणि टोपलीत सांडला होता. तिचा चेहरा असा फुललेला.

मी म्हणालो, "सांडलास ना अर्धा."

ती रुमालाने टोपली पुसत बसली.

दुपारी जेवताना ती आणि शिरोडकर बाई बेत करत होत्या. उद्या पहाटे बोटीच्या पुढच्या टोकाला जायचं, तिथून डॉल्फिन दिसतात म्हणे. मग सुलभा माझ्याकडे वळून म्हणाली की घरी गेल्यावर मुग्धाला सांगून गेटबाहेरचा फुटपाथ नीट करून घेण्यासाठी अर्ज करायचा, म्हणजे ती एकटी बागेपर्यंत जाईल, भाजी आणेल, शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडे जाईल. "तुम्ही पण जरा मोकळे व्हाल," ती म्हणाली. माझी काळजी होती हो ती. मला ऐकू काय आलं? की आता तुम्ही नकोत.

जेवण झाल्यावर ती झोपली. पडद्यातून येणारा उजेड छतावर हलत होता, पाण्यासारखा. मी बराच वेळ तो पाहत बसलो. रागात नव्हतो — हे सांगायला हवं. किल्ल्यांच्या जुडग्याला माझा छोटा स्क्रू ड्रायव्हर असतो, कारखान्यातल्या सवयीने. स्कूटरच्या सीटखालच्या बॅटरीच्या डब्याचे दोन स्क्रू काढले. आत फ्यूज होता, नखाएवढा. तो ओढून काढला, झाकण होतं तसं बसवलं. बाहेर गेलो आणि फ्यूज समुद्रात टाकला. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

सांगितलं. एवढंच होतं ते. मी तिची स्कूटर बंद पाडली.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिने किल्ली फिरवली, खटका दाबला. पुन्हा दाबला. मी पांघरुणातून पाहत होतो. ती रडली नाही, चिडली नाही. किती तरी वेळ नुसता खटका दाबत राहिली. मग मला हलकेच हाक मारली आणि विचारलं, "अहो, माझ्याच हातून काही झालं का हो?"

आणि मी म्हणालो, "चहा गेला असेल आत."

फ्यूज काढणं मी अजून एखादे वेळी सहन करू शकेन. हे वाक्य नाही.

शिरोडकर बाईंनी बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनला आणलं. केरळचे शांत गृहस्थ होते. त्यांनी डबा उघडायला हात घातला, तेव्हा मी त्यांना अडवलं. वॉरंटी आहे, उघडू नका, मी स्वतः फिटर आहे, पाणी आत गेलंय, कंट्रोलर जळलाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावून निघून गेले. बोटीवाल्यांनी व्हीलचेअर दिली. उरलेले दिवस मी सुलभाला फिरवलं — कुठे जायचं, कुठे थांबायचं, ऊन कधी लागतंय, सगळं माझ्या हातात. डॉल्फिनही दाखवायला नेलं, पण उशिरा. तोवर ते गेले होते. लोक मला जागा करून देत. शिरोडकर बाई तिला म्हणाल्या, नशीबवान आहेस गं. सुलभाने होकार दिला. नंतर केबिनमध्ये माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं?" — आणि मला बरं वाटलं. हो, वाटलं. खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर स्कूटर माळ्यावर गेली. मुग्धा म्हणायची, कंपनीत पाठवते. मी म्हणायचो, मी बघतो. तसला फ्यूज आमच्या स्टेशनसमोरच्या दुकानात मिळतो. मी त्या दुकानावरून रोज जायचो. सुलभाने तीन-चारदा विचारलं, मग सोडून दिलं. फुटपाथसुद्धा दुरुस्त झाला, चांगला गुळगुळीत. तिने गॅलरीतून पाहिला.

मी उद्या लावतो म्हणत राहिलो. खरंच म्हणत राहिलो, मनात. दीड वर्ष गेलं, आणि एका सकाळी तिच्या हातातून चमचा पडला. मग कंगवा. मग अंगठा हलेनासा झाला. आता मी तिला भरवतो.

गेल्या महिन्यात मी औषधं आणायला गेलो असताना मुग्धाने माळा रिकामा केला आणि ती स्कूटर मालाडच्या एका माणसाला, त्याच्या वडिलांसाठी, देऊन टाकली. बंद आहे, दुरुस्त करून घ्या, म्हणून सांगितलं. चार दिवसांनी त्याचा मला फोन आला. मी सुलभाला पेज भरवत होतो. हात गुंतलेला, म्हणून स्पीकर लावला. तो आभार मानत होता. म्हणाला, "काका, काहीच बिघडलं नव्हतं हो. आत फ्यूजच नव्हता. दुसरा घातला, झकास चालते."

मी फोन बंद केला. चमचा तसाच हातात. सुलभाचं बोलणं आता फार हळू येतं, एकेक शब्द करून. ती म्हणाली, "म्हणजे... चहानं... नव्हती बिघडली."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं, सांगू? सुटल्यासारखं काहीतरी. एवढी वर्षं ती ते स्वतःच्या माथ्यावर घेऊन बसली होती, आणि मला एकदाही बोलली नव्हती.

मी म्हणालो, "नाही." तेव्हा पुढचंही सांगता आलं असतं. दार उघडंच होतं. मी चमचा भरला.

ती माझ्याकडे पाहत राहिली, बराच वेळ. जन्मभर मशीन उघडून बघणाऱ्या माणसाला फ्यूज नसल्याचं दिसलं नाही, हे शक्य नाही — एवढं तिला कळलं नसेल? ती शाळेत क्लार्क होती, तिच्या नजरेतून कागदावरची एक चूक सुटत नसे. कळलं असेल. मग तिने तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. दुसरं कुणी भरवणारं नाही.

त्यानंतर त्या विषयावर ती बोललेली नाही. मीही नाही.

थोड्या वेळाने ती उठेल. मी तिला खिडकीपाशी बसवीन. तिथून बागेचं गेट दिसतं. किती वेळ बसवायचं, ते मी ठरवतो.