कटाच्या आमटीतली पाल

माझ्या बायकोच्या कटाच्या आमटीत पाल कधीही पडली नव्हती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या निदान चाळीस मराठी माणसांचा याबाबतीत वेगळा समज आहे, आणि तो मी करून दिलेला आहे. तीन वर्षं मी गप्प राहिलो. (मी मुळातच कमी बोलतो. आणि बोलतो तेव्हा काय होतं, ते आता कळेलच.)

मूळ दोष माझ्या छंदाचा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, मुठीत मावणारी मॉडेल विमानांची इंजिनं मी विकत घेतो, खोलतो आणि हवेत कसरती करणाऱ्या विमानांसाठी नव्यानं घडवतो. हे विमान दोन तारांना बांधलेलं असतं. आपण मध्ये उभं राहून गरगर फिरायचं आणि विमानानं भोवती कोलांट्या मारायच्या. (माझी बायको मेधा म्हणते, "एवढंच फिरायचं तर देवळात प्रदक्षिणा घाल की! पुण्य तरी लागेल.") विमान उलटं झालं तरी इंजिनाचा सूर ढळता कामा नये. म्हणून त्याचं मूळचं कार्बोरेटर काढून मी स्वतः लेथवर कातलेली अरुंद नळी बसवतो.

पण त्याआधी इंजिन सुटं तर व्हायला हवं! त्या काळच्या इंधनात एरंडेल असायचं. ते आतल्या आत वाळून लाखेसारखं घट्ट होतं आणि पिस्टन जागचा हलत नाही. त्यावरचा उपाय या छंदातले माझे गुरू, ऐंशी वर्षांचे वॉल्टर, यांनी सांगितला. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते अँटीफ्रीझ विजेवरच्या स्लो कुकरमध्ये ओतायचं आणि इंजिन त्यात दिवसभर मंद शिजवायचं. "पण तो कुकर पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नकोस," त्यांनी बजावलं. "ते विष आहे. आणि चवीला गोड."

मी इंजिनियर माणूस, सूचना पाळतो. मेधाच्या कुकरला हातही न लावता सेलमध्ये दुसरा घेतला. तो नेमका तिच्या कुकरचा जुळा भाऊ निघाला! खोकं गॅरेजमध्ये नेताना तिनं मला पकडलं.

"हे काय?"

खरं सांगायला हवं होतं. पण त्या महिन्यात चार इंजिनं आधीच घरात आली होती आणि पाचव्याचा विषय मला नको होता.

"तुझ्यासाठीच," मी म्हणालो. "स्पेअर. मोठ्या पंगतीला लागेल."

मेधाचे डोळे चक्क पाणावले. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा न सांगता काही आणलंस!"

आता अशा क्षणी विषाचा विषय कोण काढेल? "किचनमध्ये जागा कुठाय? गॅरेजमध्येच ठेवतो," एवढंच म्हणालो आणि पुढचे सहा महिने बायकोच्या भेटवस्तूत इंजिनं उकडली.

मग आमच्याकडे सायलीचं डोहाळजेवण ठरलं. सायली म्हणजे मेधाच्या मैत्रिणीची, शुभदाची मुलगी. तिला सातवा लागला होता. चाळीस माणसं, पुरणपोळ्या आणि मेधाची कटाची आमटी! त्या आमटीसाठी लोक ह्यूस्टनच्या दुसऱ्या टोकाहून तास-तास ड्राइव्ह करून यायचे. मी निमूटपणे खुर्च्या मांडत होतो. सहज टेबलाकडे पाहिलं, तर तिथे आमटीचे दोन कुकर. त्यातल्या एकाच्या मुठीचा टवका उडालेला. तो टवका माझ्या हातून पाना निसटून पडला तेव्हाचा होता.



"मेधा, हा कुकर..."

"तुझाच! तू दिलेला!" ती सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "बघ, पंगतीला लागला की नाही?"

"धुतलास?"

"जरा तेलकट होता. विसळून घेतला."

तेलकट!

"तू चव घेतलीस? मेधा, चव घेतलीस का?"

"नैवेद्याआधी मी कधी चव घेते का रे? काय झालंय तुला?"

देवानं मेधाला वाचवलं होतं. पण नैवेद्य दुसऱ्या कुकरमधून दाखवून झाला होता, आणि पहिली वाटी उत्सवमूर्तीची म्हणून शुभदानं नेमक्या याच कुकरमधून सायलीच्या हातात दिली होती. फुलांनी मढलेली ती पोर वाटी ओठांना लावणार...

"थांब!" मी किंचाळलो. "पाल! आमटीत पाल!"

(पालच का? टेक्सासच्या उन्हाळ्यात आमच्या भिंतींवर पाली फिरतात, म्हणून असेल. विष म्हणालो असतो, तर 'तुला कसं माहीत?' हा पुढचा प्रश्न आला असता.)

सायलीनं वाटी भिरकावली. ती पाहुण्यांतल्या डॉक्टरकाकांच्या रेशमी कुडत्यावर जाऊन पडली. बायका खुर्च्यांवर चढल्या. डॉक्टरकाका मात्र शांतपणे डाव घेऊन पुढे आले.

"अरे, इथल्या पाली विषारी नसतात. दाखव बघू."

मी तो तापलेला कुकर छातीशी कवटाळून बाथरूमकडे पळालो. काका डाव घेऊन माझ्यामागे!

"अरे, पाल तरी ठेव!"

"गेली!"

"कुठे गेली?"

"फ्लशमध्ये!"

दुसरा कुकरही 'हिचा जोडीदार त्यात असेल' म्हणून मीच ओतला. (खरं तर दोन्हींत एकच डाव फिरला होता.) आमची सोळा वर्षांची तन्वी हाताची घडी घालून दारात उभी होती. "बाबा, आय वॉज राइट देअर. देअर वॉज नो लिझर्ड."

"तू गप्प बस!" आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो.

बाहेर शुभदा मेधाच्या पाठीवरून हात फिरवत होती. "होतं गं असं. पण झाकण ठेवत जावं."

"झाकण होतं गं!" मेधा म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

सायलीला सुखरूप मुलगा झाला. त्यानंतर मेधाला कुणी एकही पदार्थ करायला सांगितला नाही. "मेधा, तू नॅपकिन्स आण हं." दिवाळीला नॅपकिन्स, पाडव्याला नॅपकिन्स. तिनं पेस्ट कंट्रोलवाल्याला तीनदा बोलावलं. एकही पाल न सापडल्याचं त्यानं लिहून दिलं, तो कागद ती पाहुण्यांना दाखवायची! पुढे तर घरातसुद्धा आमटी करणं तिनं सोडलं. एकदा वरणावरचं झाकण तिसऱ्यांदा उघडून आत वाकून बघताना मी तिला पाहिलं, आणि मी माझं ताट बाजूला सारलं.

गेल्या महिन्यात सांगून टाकलं. सगळं. मेधानं आधी एवढंच विचारलं.

"सायलीच्या ओठाला लागली होती का रे वाटी?"

"नाही. मी पाहिलं होतं."

 तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. "आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाक. आत्ता. काही लपवायचं नाही."

मी टाकलं. इंजिन, अँटीफ्रीझ, कुकर, पाल. शेवटी, 'मेधाचा काडीचाही दोष नव्हता.' आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.

पहिलं उत्तर डॉक्टरकाकांचं. "आमटीच्या भांड्यात इंजिनं शिजवतात म्हणे! अरे, थाप मारायची तर पटेल अशी तरी मार."

मग शुभदा. "भाऊजी, डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांनीसुद्धा बायकोची चूक अंगावर घेताय! मेधा, नशीबवान आहेस गं!"

त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच लागली. मेधानं ती शेवटपर्यंत वाचली आणि फोन पालथा ठेवला.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबरच आहे. पण तिनं तक्रार करायची तरी कुणाकडे? अख्खं शुगर लँड माझ्या बाजूनं उभं आहे!