उतरलेली चेन

आमच्या कुंपणापलीकडच्या माळावर जमीन सपाट करण्याचं काम चाललं होतं. एका वळणावर जुन्या बुलडोझरची लोखंडी चेन चाकांवरून उतरली. चालक भीमराव एकटाच होता. जेवण घेऊन आलेल्या बायकोला, शालनला, त्याने वर बसवलं, लिव्हर कसा ढकलायचा, कसा ओढायचा ते दाखवलं आणि स्वतः पहार घेऊन मागच्या दातेरी चाकाशी वाकला.

"अन् तुमचा हात आत असला तर?" तिने विचारलं.

"हात काढल्याबिगर मी सांगणार न्हाई."

तो चेन दात्यावर चढवी, हात बाहेर घेई, "घे" म्हणे. ती डोझर जरासा पुढे घेई. तिची नजर त्याच्या मनगटांवरून हलत नव्हती. कुणी स्वतःची बोटं इतक्या विश्वासाने आपल्यावर सोपवावीत, याचं तिला सुख वाटत असेल की ओझं, मला कळेना.

अखेर चेन बसली. शालन खाली उतरली आणि पदर तोंडाशी धरून तिथेच खाली बसली.

"आता कशाला भितीस? झालं की."

"मघाशी भिऊन कसं चाललं असतं?" ती म्हणाली.

भीमरावने इंजिन बंद केलं आणि तिच्याजवळ मातीतच बसून राहिला.