मॉलची पायरी कुणाच्या घरची

मॉलमध्ये कुठं खावं, असं ऑफिसातल्या बायका मला नेहमी विचारतात. माझा नवरा खाण्याचा शौकीन आहे आणि शहरात कुठं काही नवं उघडलं की आम्ही पहिल्याच आठवड्यात तिथं हजर असतो, हे त्यांना ठाऊक आहे. पूर्वी मी अगदी मन लावून सांगायचे, डोसा कोपऱ्यातल्या काउंटरला घ्या, नूडल्सच्या वाटेला जाऊ नका, वगैरे. आता मी सरळ सांगते, बाहेर पायरीवर बसून खा. त्या हसतात. मी मात्र थट्टा करत नसते.

याला कारण आबा, म्हणजे माझे वडील. आबा देवगाव रंगारीला माझ्या भावाकडे असतात. भाऊ शेतीकडे बघतो आणि आबा भावाकडे बघतात. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना दर महिन्याला तपासणीसाठी शहरात यावं लागतं. सकाळच्या एसटीने येतात, डॉक्टर उरकतात आणि दुपारी गारखेड्याला माझ्या घरी येऊन बसतात. बसतात म्हणजे नुसतेच बसतात. कारण आमच्यात लेकीच्या घरी बाप जेवत नाही. पाणीसुद्धा पीत नाही. लेकीला मूल झालं, नातवंड मांडीवर आलं, की ही अट सुटते आणि मग बाप ताट ओढून बसायला मोकळा. माझ्या थोरल्या बहिणीकडे ही अट लग्नानंतर वर्षभरातच सुटली. तिच्याकडे गेले की आबा बासुंदीच्या वाट्यावर वाट्या रिचवतात. आम्हाला मूल झालं नाही.

त्यामुळे आबा पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन येतात. भाकरी स्टँडवरच्या बाकड्यावर खातात आणि मग माझ्याकडे येऊन सोफ्यावर बसून टीव्ही बघतात. दुपार कलली की त्यांना चहाची तलफ येते. मग ते उठतात, चप्पल घालतात, गल्लीच्या तोंडावरच्या टपरीवर जाऊन चहा पितात आणि परत येऊन सोफ्यावर बसतात. अर्धवट राहिलेली मालिका कुठवर आली तेही मलाच विचारतात.

एकदा भाजी घेऊन येताना त्या टपरीवाल्याने मला थांबवलं. म्हणाला, "ताई, राग मानू नका. बाप हाय तुमचा. एका कप चहाला असं काय लागतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात चहा आहे, साखर आहे, आलं आहे, गवती चहाची कुंडी आहे, आणि गल्लीत माझी कीर्ती काय, तर बापाला चहा न देणारी बाई. शेजारच्या काकू तर मला बघून स्वतःच्या सुनेला म्हणत, "काही लेकी सुनांपेक्षा वाईट असतात गं." त्या काकूंना मी त्यानंतर कढीपत्ता देणं बंद केलं.

पण खरं सांगायचं तर राग चहाचा नव्हता. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, लोकांचे सल्ले झाले, आणि ते सगळं आम्ही दोघांनी कधीच मागे टाकलं होतं. पण आबांनी चप्पल घातली की मला मूल नाही ही गोष्ट दर महिन्याला गल्लीभर जाहीर व्हायची. आबांच्या मनात तसं काही नसायचं. चप्पल उंबऱ्याबाहेर काढावी तसा त्यांच्यासाठी हा नियम होता. माहेरी गेल्यावर मी भाकरी थापायचे आणि आबा आवडीने खायचे, पण ते पीठ त्यांचं आणि चूलही त्यांची. माझ्या घरचा घास त्यांच्या पोटात कधी गेला नव्हता. तो एकदा तरी जावा, एवढंच मला हवं होतं.

तोड काढली नवऱ्याने. तो कोर्टात कारकून आहे आणि आयुष्यभर वकिलांची भांडणं ऐकून त्यालाही थोडं वकिलीचं वारं लागलं आहे.

"अगं, नियम घराचा आहे," तो म्हणाला. "मॉल कुणाचं घर आहे?"

आबा आले तेव्हा त्याने अगदी साळसूदपणे विचारलं, "मामा, हॉटेलात जेवायला तुमची हरकत नाही ना?"

"हॉटेलाला काय धाड भरली?" आबा म्हणाले. "कन्नडला बाजाराच्या दिवशी खातोच की."

पुढच्या खेपेला बेत ठरला. त्या दिवशी मी पहाटेच उठले. वांग्याचं भरीत केलं, बाजरीच्या भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि सगळं डब्यात भरून मोठ्या पर्समध्ये तळाशी ठेवलं. वरून ओढणी कोंबली. तिथं नावाला काहीतरी घ्यायचं आणि मधोमध माझा डबा उघडायचा, असा माझा डाव होता. जागा कुणाच्याच घरची नाही आणि जेवण माझ्या घरचं.

हा डाव मॉलच्या दारातच फसला. गार्डने पर्स उघडायला लावली. ओढणी उपसली आणि डबा वर आला. मग त्याने आबांच्या पिशवीत हात घातला आणि फडकं बाहेर काढलं.

"ये क्या है काका?"

"भाकरी."

"बाहर का खाना अंदर अलाऊड नहीं है."

"बाहेरचं कामून?" आबांना खरंच कळेना. "घरचं हाय की."

गार्ड हसला, पण बधला नाही. त्याने डबा आणि फडकं दोन्ही शेजारच्या फळीवर ठेवलं आणि आम्हाला प्लास्टिकचे दोन बिल्ले दिले. आबांनी त्यांचा बिल्ला उलटसुलट करून बघितला आणि माझ्याकडे दिला.

"हर्सूलच्या जेलात बी माणसाला भाकरी मिळती," ते म्हणाले, "अन् हे लोक आत जाऊ देईनात."

माझ्या पर्सकडे त्यांनी एकदा बघितलं. डब्यात काय आहे हे मात्र विचारलं नाही. मी आपली जणू तो डबा माझा नव्हेच अशा चेहऱ्याने पुढे निघाले.

सरकत्या जिन्याला आबांनी लांबूनच नमस्कार केला आणि साध्या जिन्याने वर आले. वर खाण्याच्या दुकानांची मोठी रांग. आबा हात मागे बांधून एकेका काउंटरपुढून चालू लागले. बाजारात बैल बघायला निघाल्यासारखे थांबत, वाकून बघत, मान हलवत. पिझ्झापुढे थांबून म्हणाले, "भाकरी करपली ते करपली, वरून हे काय सांडलं?" नूडल्स बघून त्यांना वाईट वाटलं. शेवया तिखट करणाऱ्या घरात सणाला काय करत असतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. एका काउंटरला 'गावाकडची चव' असा फलक होता. मागच्या भिंतीवर चूल रंगवली होती आणि नऊवारी नेसलेली एक पोरगी काउंटरवर उभी होती. आबांचे डोळे चमकले.

"ज्वारी कुठली हाय बाई?"

"सर, रेग्युलर देऊ का जंबो?"

"ज्वारी म्हणलं मी."

"सर, जंबोवर ताक फ्री आहे."

आबा पुढे सरकले. शेवटी त्यांना डोसा मान्य झाला, कारण तो त्यांच्या ओळखीचा होता. आता पैसे द्यायची वेळ आली. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी नोटा काढल्या. मी पुढे झाले तर त्यांनी मला नजरेनेच मागे सारलं. लेकीच्या पैशाचं खायचं म्हणजे लेकीच्या घरचंच की.

"इथं कॅश चालत नाही," डोसेवाला म्हणाला. "तिकडून कार्ड करून आणा."

तिकडच्या काउंटरवर कार्ड करायला मोबाईल नंबर लागायचा. त्यावर आकडे येणार, ते त्यांना सांगायचे, मग कार्ड चालू होणार. आबांचा फोन देवगावला चार्जिंगला लावलेला होता.

"त्यात काय, माझा नंबर घ्या," नवरा पटकन म्हणाला.

आबांचा नोटा धरलेला हात मागे आला.

"म्हणजे ते कार्ड तुमच्या नावावर होणार?"

"नावाला हो मामा. पण पैसे तुमचेच."

"जावईबापू, जमीन ज्याच्या नावावर, पीक त्याचं. तुम्ही कोर्टातलं माणूस, तुम्हाला म्या काय सांगू?"

एवढी वर्षं असलेच दावे फायलीत लावणारा माझा नवरा पुढच्या काउंटरकडे वळला. त्याने दुसऱ्या काउंटरला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळीकडे तेच कार्ड. एवढा मोठा मॉल, शंभर तऱ्हेचे वास, आणि माझ्या बापाने खावं असं त्यात काही नव्हतं. त्याची स्वतःची भाकरी खाली फळीवर. माझा डबाही तिथंच.

आम्ही तिघं एका रिकाम्या टेबलाभोवती बसलो. आजूबाजूला माणसं हादडत होती. एक बाई येऊन आमचं टेबल पुसून गेली, जरा वेळाने परत येऊन पुसून गेली. आबा म्हणाले, "मला तशी भूक नाय." आणि त्यांचं पोट इतक्या जोरात वाजलं की आम्ही दोघांनी ऐकलं.

तिथं माझं डोकं फिरलं. मी मुळात तापट, त्यात पहाटेपासून उपाशी.

"आबा, मला मूल होणार नाही," मी म्हणाले. आवाज चढलेला होता. "आता ते वयही गेलं. तुमचा नियम सुटायचा कधी? मी मेल्यावर? तुम्ही टपरीवर चहा प्यायला निघालात की मला वाटतं, तुम्ही गल्लीला सांगायला निघालात, की माझ्या लेकीच्या घरी अजून पाळणा हलला नाही."

शेजारच्या टेबलावर एक जण फ्रेंच फ्राइज तोंडाशी नेता नेता थांबला. नवरा टेबलाकडे बघत राहिला. आबांनी माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर त्यांना लांबचं चांगलं दिसतं, जवळचं नीट दिसत नाही. तरी बराच वेळ बघत होते.

"येडी का काय तू," ते हळू म्हणाले. "म्या असं कधी मनात बी आणलं नाय, बाई."

मग जरा वेळाने हात पुढे केला. "ते बिल्ले दे इकडं."

"कशाला?"

"दे म्हणलं ना."

दोन्ही बिल्ले घेऊन ते जिन्याकडे निघून गेले.

"मामा चालले," नवरा म्हणाला. "आता थेट एसटी. आणि याचं खापर माझ्यावर." मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नव्हता, पण म्हातारा माणूस उपाशी परत गेला तर मला ते जन्मभर खुपलं असतं. आम्ही दोघं त्यांच्या मागे धावत खाली आलो.

आबा गेले नव्हते. दाराबाहेरच्या पायरीवर बसले होते, मांडीवर माझा डबा, न उघडलेला. जवळच खुर्चीवर तो गार्ड बसला होता आणि आबांच्या फडक्यातली भाकरी खात होता.

"याचा डबा आज आला नाय," आबा पार्किंगकडे बघत म्हणाले. "उपाशी माणूस. म्हणलं, घे बाबा माझी भाकरी."

गार्डच्या तोंडात घास होता. तो कसाबसा गिळून मला म्हणाला, "डब्बा आया था ताई. खा भी लिया था मैं. काका सुनतेच नहीं."

"तू खा गुमान," आबांनी त्याला दटावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता माझ्यापाशी तर काय ऱ्हायलं नाय. अन् भूक तर लागलीय."

माझ्या बापाला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी तर अजिबातच आलं नाही. मला सगळं समजलं. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले आणि डबा उघडला. नवऱ्याला मात्र राहवेना.

"मामा, एक शंका. ही पायरी कुणाच्या घरची धरायची?"

"जावईबापू, गप बसा अन् जेवा."

आबांनी भाकरी मोडली. भरताचा घास घेतला. सावकाश चावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, लग्नानंतर पहिल्यांदा सासूपुढे स्वयंपाक मांडला होता तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते.

"मीठ कमी हाय," आबा म्हणाले आणि दुसरी भाकरी घेतली.

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. येणारे-जाणारे बघत होते. गार्ड बिचारा तिऱ्हाईतासारखा दुसरीकडे बघत होता. चटणीचा ठसका लागला तेव्हा आबांनी पाण्यासाठी हात पुढे केला. त्यांची बाटली त्यांच्या पिशवीत होती, भरलेली. त्यांनी माझी घेतली.

पुढच्या महिन्यात एका दुपारी आमच्या दारावर टकटक झाली. टपरीवाला होता, खांद्यावर फडकं, चेहरा काळजीचा.

"ताई, बाबा या खेपेला आले नाहीत का? तब्येत बरी हाय ना त्यांची?"

आतून, सोफ्यावरून, आबांचा आवाज आला. "बाई, साखर कमी घातली का गं?"

"आत आहेत," मी टपरीवाल्याला म्हणाले. "चहा घेतायत."

हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले, शेजारच्या काकूंनाही ऐकू जाईल असं.